पोत्यातला क्लोरीन जूनपर्यंत टिकतो का? मराठवाड्यातल्या आठही जिल्हा परिषदांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, बीड, धाराशिव आणि लातूर

स. न. वि. वि.

मी परभणी जिल्ह्यातला, दुधनेच्या काठावरच्या एका गावचा. तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या मुलांना रसायनशास्त्र शिकवतो. हे पत्र लिहायला कारण झाली एका कपाटाची कडी.

गेल्या मे महिन्यात गावी गेलो होतो. ग्रामपंचायतीच्या मागे एक पत्र्याची खोली आहे, तिथे टीसीएल पावडरची, म्हणजे पिण्याच्या पाण्यातले जंतू मारायच्या ब्लीचिंग पावडरची, पोती ठेवतात. दुपारची वेळ, पत्रे तापलेले. दार उघडलं तसा उग्र वास नाकात भरला आणि डोळ्यांतून पाणी आलं. कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाला हात लावला तर कडी गंजून हातात आली. पत्र्याचे खिळे, खिडकीचे गज, भिंतीवरचं कुलूप, सगळ्यांना तांबेरा चढलेला. आमच्या जलसुरक्षक मामांनी, म्हणजे गावाला पाणी सोडायचं आणि त्यात पावडर टाकायचं काम ज्यांच्याकडे आहे त्यांनी, मोठ्या समाधानानं सांगितलं, "वास बघा की सर, पावडर कडक हाय."

त्या वासानंच मला धास्ती बसली. जूनमध्ये विहिरीत उतरून जंतू मारायचा तो क्लोरीन मे महिन्यातच पोत्यातून निघून कपाटाचं लोखंड खात होता. वास येतोय याचा अर्थ माल बाहेर चाललाय. मामांचा यात काही दोष नाही, त्यांना हे कुणी सांगितलेलंच नव्हतं.

आपल्यापैकी काही जण विज्ञानाचे विद्यार्थी असतील, तरी थोडं मुळापासून सांगतो. विझवलेल्या कोरड्या चुन्यावरून क्लोरीन वायू सोडला की चुना तो धरून ठेवतो. हीच ब्लीचिंग पावडर. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून कॉस्टिक सोडा करणाऱ्या कारखान्यांत क्लोरीन निघतोच, त्याला असं चुन्यात बांधून पोत्यात भरतात. टीसीएल म्हणजे ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम. 'ट्रॉपिकल' अशासाठी की उष्ण मुलखात टिकावी म्हणून तिच्यात जादा चुना मिसळतात, तो ओल शोषून घेतो. म्हणजे आपल्यासारख्या प्रदेशात ही पावडर नासते, हे तिचं नाव ठेवणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

चुन्यानं क्लोरीन धरलेला असतो तो सैल मुठीत. हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड लागला की तो सुटतो. मागे राहतो खडूसारखा कॅल्शियम कार्बोनेट आणि कॅल्शियम क्लोराइड. हा कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढून घेतो, म्हणून जुन्या पावडरीचे ओलसर गड्डे होतात. या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथेच आहे. क्लोरीन गेला तरी पोत्याचं वजन फारसं घटत नाही, कारण गेलेल्याची जागा ओल भरून काढते. २५ किलोचं पोतं काट्यावर जवळपास २५ किलोच दिसतं. साठा नोंदवहीत किलो लिहिले जातात, तपासणीला आलेले साहेब किलो बघतात, सही होते. आत मात्र निम्मा खडू झालेला असतो.

भारतीय मानकाप्रमाणे चांगल्या ब्लीचिंग पावडरमध्ये प्रतीनुसार किमान ३२ ते ३४ टक्के उपलब्ध, म्हणजे जंतू मारायला कामी येणारा, क्लोरीन लागतो. टीसीएलच्या नमुन्यात तो २० टक्क्यांच्या खाली गेला की आपल्याच प्रयोगशाळा नमुना निकृष्ट ठरवतात. आता आमच्या गावच्या विहिरीचा हिशेब घ्या. व्यास ६ मीटर, पाणी ३ मीटर. म्हणजे सुमारे ८५ हजार लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम या हिशेबानं ४२५ ग्रॅम पावडर लागते. ती ३३ टक्क्यांची असेल तर पाण्याला १४० ग्रॅम क्लोरीन मिळतो, लिटरमागे १.६५ मिलिग्रॅम. तीच पावडर उतरून ११ टक्क्यांवर आलेली असेल तर लिटरमागे ०.५५. ऐकायला हेही ठीक वाटेल, कारण पिण्याच्या पाण्याच्या मानकात नळाला किमान ०.२ उरला पाहिजे असं म्हटलंय, आणि विषाणूंचा धोका असेल तिथे ०.५. पण 'उरला पाहिजे' हे शब्द नीट वाचावेत. पहिला पाऊस पडला की गोठ्यातलं शेण, उकिरड्यावरची घाण, शिवारातला गाळ ओघळून विहिरीला येतो. क्लोरीन जंतूंपर्यंत पोचायच्या आधी या घाणीशीच झुंजतो आणि त्यातच बराचसा संपतो. ०.५५ मधून उरायला काही शिल्लकच राहत नाही. ज्या आठवड्यात त्याची सगळ्यात जास्त गरज, त्याच आठवड्यात पाणी उघडं पडतं.

आमचं पाणी जड. काळ्या खडकातून झिरपून येतं, बऱ्याच विहिरींचा सामू (पीएच) आठच्या आसपास किंवा वर जातो. साडेसात सामूला क्लोरीनचा निम्मा भाग जोरदार जंतुनाशक रूपात असतो, साडेआठला तो दहाव्या हिश्शाच्याही खाली येतो. म्हणून आमच्याकडे मात्रा पुरी हवी आणि वेळही पुरा हवा. टाकल्यावर निदान तासभर पाणी शेंदायचं नाही. रात्री शेवटची घागर भरून झाली की टाकावी आणि सकाळपर्यंत विहिरीला हात लावू नये, हे उत्तम. खारेपणा, नायट्रेट, फ्लोराइड यांवर टीसीएलचा काहीच उपयोग नाही. तो निराळा प्रश्न आहे, त्यासाठी निराळं पत्र लागेल.

माझी आजी पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, नाव घ्यायची नाही, 'ती बाई' म्हणायची. साथ आली की मरीआईचा गाडा ओढत नेऊन पुढच्या गावाच्या शिवेवर सोडायचा, त्या गावानं त्याच्या पुढच्या. तिच्या लहानपणी लोकांच्या हातात एवढंच होतं. पण जगात तेव्हा उपाय सापडलेला होता. १८४७ साली व्हिएन्नाच्या इस्पितळात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं बाळंतिणींना तपासण्यापूर्वी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतज्वरानं होणारे मृत्यू झपाट्यानं खाली आले. १९०८ साली अमेरिकेतल्या जर्सी सिटीनं शहराच्या पाण्यात हाच क्लोराइड ऑफ लाइम रोज, अखंड टाकायला सुरुवात केली. आज ती पावडर आमच्या प्रत्येक पंचायतीच्या दारात आहे. तरीही पावसाळ्यात लेकरांना जुलाब-उलट्या लागल्या, गाव गॅस्ट्रोनं आडवं झालं, अशा बातम्या दरवर्षी येतात. आणि बातमीत शेवटी एक वाक्य हमखास असतं की गावात टीसीएलचा पुरेसा साठा होता.

साठा होता, खरंच होता. तो कधी घेतलेला होता, हे विचारा.

आमच्या गावात, आणि मला माहीत असलेल्या आजूबाजूच्या गावांत, टीसीएलची खरेदी होते मार्चअखेर. निधी परत जाऊ नये म्हणून वर्षभराची पोती एकदम उचलली जातात. मग एप्रिल आणि मे असे आमचे दोन सगळ्यात तापलेले महिने ती पोती पत्र्याखाली काढतात. बाहेर बेचाळीस अंश असतं तेव्हा त्या खोलीत काय असेल, ते एकदा दुपारी उभं राहून बघावं. उष्णता, ओल आणि उजेड हे या पावडरीचे तीन वैरी. उन्हाळा उष्णता देतो, वळीव ओल देतो, फाटक्या प्लॅस्टिकमधून उजेडही जातो. जून उजाडतो तेव्हा पोतं भरलेलं असतं आणि क्लोरीन संपलेला असतो. यात कुणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही. सगळ्यांनी प्रामाणिकपणे काम केलं तरीही हेच घडेल, कारण खरेदीची तारीखच चुकलेली आहे.

म्हणून माझं पहिलं मागणं हे. वर्षाची खरेदी एकदम करू नका. पावसाळ्याची पावडर मेच्या शेवटच्या आठवड्यात गावात पोचू द्या, पुढची ऑगस्टमध्ये, आणि उन्हाळ्यातल्या टँकरपुरती थोडी वेगळी. निधी मार्चमध्येच खर्ची टाकावा लागत असेल तर पुरवठादाराशी करार तेव्हा करा, पण माल टप्प्याटप्प्यानं उचला. पोत्यावर उत्पादनाची तारीख आणि बॅच क्रमांक नसेल तर ते पोतं उतरवूनच घेऊ नका. साठा नोंदवहीत किलोच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने छापा: उत्पादनाची तारीख, आणि शेवटच्या तपासणीतला क्लोरीन किती टक्के. एवढ्यानं निम्मं काम होईल. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर स्वच्छता सर्वेक्षण होऊन गावांना पाण्याच्या जोखमीप्रमाणे लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. त्या सर्वेक्षणालाही हे दोन रकाने बघायला सांगा.

काही जण सुचवतील की मग जास्त ताकदीचं कॅल्शियम हायपोक्लोराइट घ्या, त्यात ६५ ते ७० टक्के क्लोरीन असतो. खरं आहे, ते कमी लागतं आणि तुलनेनं टिकतंही. पण ते जोरदार ऑक्सिडीकारक आहे. तेल, डिझेल, भुसा, साखर यांच्याशी गाठ पडली तर पेट घेऊ शकतं. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात प्रशिक्षित माणसांच्या हाती ते शोभतं. पंचायतीच्या ज्या खोलीत फवाऱ्याचं डिझेल, युरियाची पोती आणि जुनं बारदान एकत्र पडलेलं असतं, तिथे ते ठेवायला माझं मन धजत नाही. द्रव सोडियम हायपोक्लोराइट वापरायला सोपं, पण उन्हाळ्यात तर ते टीसीएलहूनही लवकर उतरतं. तेव्हा गावासाठी टीसीएलच बरी, फक्त ती ताजी हवी.

साधी टीसीएलही निरुपद्रवी नाही, आणि हे मी डोळ्यांनी पाहिलंय. काही वर्षांपूर्वी एका गावात मोठ्या अधिकाऱ्यांची भेट होती. त्यासाठी शौचालय धुवायचं काम एका ताईंकडे होतं. त्यांनी आधी सगळीकडे टीसीएल भुरभुरवली आणि डाग जाईनात म्हणून वरून बाथरूमचं ॲसिड ओतलं. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. खोली लहान, दार आतून लोटलेलं. ताई खोकत, धडपडत बाहेर आल्या आणि ओट्यावर कोसळल्या. नशीब की दवाखाना जवळ होता. त्या वाचल्या, पण पुढे कितीतरी दिवस दोन पायऱ्या चढल्या तरी त्यांना धाप लागायची. दोन्ही वस्तू एकाच कपाटात शेजारी शेजारी होत्या आणि त्या एकत्र करू नयेत असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

तेव्हा प्रत्येक पंचायतीच्या खोलीत भिंतीवर मोठ्या मराठी अक्षरांत हे रंगवून घ्या. टीसीएलजवळ ॲसिड नको. युरिया किंवा कुठलंही अमोनियाचं खत नको, कारण त्यांच्या संयोगातून विषारी आणि स्फोटकही वायू तयार होऊ शकतात. तेल, डिझेल, बारदान नको. पोतं जमिनीवर टेकवू नका, खाली लाकडी फळ्या घाला. उघडलेलं पोतं झाकणाच्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये रिकामं करा. पत्र्याच्या डब्यात भरू नका आणि लोखंडी घमेल्यानं उपसू नका. खोलीला वरून छप्पर थंड आणि खालून वारा जायला जागा हवी. क्लोरीन हवेहून सुमारे अडीचपट जड असतो, तो खाली साचतो. म्हणून वायू सुटलाच तर माणसानं खाली बसायचं नाही, वाकायचं नाही, वाऱ्याच्या उलट्या दिशेनं उंच जागी जायचं. डोळ्यांत पावडर गेली तर चोळायचं नाही, पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरायची आणि मग दवाखाना गाठायचा. विहिरीत उतरून टीसीएल टाकायची तर कुणी कल्पनाही करू नये.

मामांना मी विचारलं, "किती टाकता?" ते म्हणाले, "दोन वंजळी टाकतो की. पाऊस लागला की तीन." उघड्या हातांनी, तोंडाला टॉवेल गुंडाळून, काठावरून कोरडी पावडर भिरकावतात. अर्धी वाऱ्यावर जाते, थोडी त्यांच्या छातीत, बाकीची पाण्यावर तरंगून कडेला चिकटते. त्यांच्या बोटांच्या पेरांना कायमच्या चिरा पडल्यात. मिळणारं मानधन इतकं तुटपुंजं की सकाळी पाणी सोडून झालं की ते दुसऱ्याच्या रानात मजुरीला जातात. गावातल्या प्रत्येक लेकराच्या पोटाची राखण करणारा हा माणूस आहे. त्याच्याकडे रबरी हातमोजे नाहीत, मास्क नाही, चष्मा नाही, आणि काटाही नाही. काटा नसेल तर ४२५ ग्रॅम तो कसा मोजणार? स्वयंपाकघरातला साधा काटासुद्धा चालेल, पण तो जिल्हा परिषदेनं द्यावा.

टाकायची रीतही त्यांना कुणी तरी हातानं करून दाखवायला हवी. कागदावर लिहून भागत नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत आधी पाणी, मग पावडर, एका बादलीला १०० ग्रॅमहून जास्त नाही. ढवळून दहा मिनिटं ठेवायचं. चुना तळाला बसतो. वरचं निवळ दुसऱ्या बादलीत काढून घ्यायचं आणि ती बादली दोरानं विहिरीत पाण्याखाली सोडून वरखाली हिसके द्यायचे, म्हणजे ते सगळीकडे पसरतं. तळाचा चुना विहिरीत जाऊ द्यायचा नाही, आधीच जड असलेलं पाणी त्यानं आणखी जड होतं. लहान आडासाठी नागपूरच्या नीरी संस्थेनं दुहेरी मडक्याची पद्धत काढलेली आहे. भोक पाडलेल्या लहान मडक्यात एक किलो पावडर आणि दोन किलो जाड वाळू, ते तसंच भोक असलेल्या मोठ्या मडक्यात, आणि दोन्ही पाण्याखाली टांगलेली. साडेचार हजार लिटरच्या आडाला ते दोन ते तीन आठवडे पुरतं. कुंभाराकडून गावातच होणारी ही गोष्ट. मला आमच्या भागात ती एकाही आडाला टांगलेली दिसली नाही, याचं फार वाईट वाटतं.

टँकरचंही असंच. बारा हजार लिटरच्या टँकरला ६० ग्रॅम टीसीएल लागते. ती विहिरीवर टँकर भरतानाच निवळ करून टाकायला हवी, म्हणजे वाटेतल्या धक्क्यांनी मिसळते आणि गाव येईपर्यंत वेळही भरतो. गावात पोचल्यावर, लोक हंडे घेऊन उभे असताना टाकली तर ते पाणी तसंच्या तसं रांजणात जातं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, पहिल्या फेरीला पाच लाख लिटर. पाण्यासाठी आख्खी रेल्वे धावू शकते त्या मुलखात ६० ग्रॅम पावडर वेळेवर आणि ताजी मिळणं अशक्य नाही.

आता तपासणी. ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून पाण्यातला क्लोरीन रंगावरून ओळखायची चाचणी, बहुतेक ठिकाणी विहिरीवर किंवा टाकीजवळच्या पहिल्या नळाला होते, कारण तिथे पिवळा रंग हमखास येतो. ती शेवटच्या नळाला करा, गावकुसाबाहेरच्या वस्तीत, जिथे पाइप सगळ्यात जुना आणि गटारीजवळून जातो. रंग पहिल्या दहा सेकंदांत बघायचा असतो. नंतर गडद होत जाणारा रंग अमोनियाशी बांधल्या गेलेल्या क्लोरीनचाही असतो, तो जंतूंना फारसा मारत नाही. पाच मिनिटांनी बघून 'पॉझिटिव्ह' लिहिणं म्हणजे गावाला फसवणं, नकळत का होईना.

आणि पोत्याची तपासणी. नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत जातो, अहवाल परत येईतो पोतं संपलेलं असतं. पण ही तपासणी अवघड अजिबात नाही. पोटॅशियम आयोडाइड, ॲसेटिक आम्ल, सोडियम थायोसल्फेट आणि स्टार्च, बास. निळा रंग कुठल्या थेंबाला जातो ते बघायचं. बी.एस्सी.चा हा नेहमीचा प्रयोग आहे. दरवर्षी मुलं दुकानातून आणलेल्या बाटलीवर तो करतात आणि जर्नलमध्ये उतरवतात. मराठवाड्यात जवळपास प्रत्येक तालुक्याला विज्ञान शाखेचं कॉलेज आहे. आपण एक परिपत्रक काढा की मेअखेर आणि ऑगस्टअखेर प्रत्येक ग्रामपंचायतीनं आपला नमुना जवळच्या कॉलेजात द्यावा आणि २० टक्क्यांखालचं पोतं त्याच दिवशी बदलून मिळावं. बदलून देण्याची अट पुरवठादाराच्या करारातच घाला. रसायनांचा खर्च किरकोळ आहे. आमच्या मुलांना आपल्याच गावच्या पाण्याचा हिशेब करता येईल. गेल्या वर्षी मी आमच्या गावच्या पोत्यातला चमचाभर नमुना वर्गात दिला, तेव्हा निकाल फळ्यावर लिहिताना एका मुलीचा हात थांबला. तो आकडा वीसच्या बराच खाली होता, आणि त्या विहिरीचं पाणी तिच्या घरी येत होतं.

परिपत्रकाची वाट न बघता मी माझ्याकडून सुरुवात करतो. आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीनं मे, जून, जुलै आणि ऑगस्टमध्ये दर गुरुवारी दुपारी नमुना घेऊन कॉलेजच्या प्रयोगशाळेत यावं, पैसे लागणार नाहीत. नमुना पोत्याच्या तोंडाचा नको, मधून आणि तळातून थोडा थोडा घ्यावा. औषधाची कोरडी, तपकिरी काचेची बाटली असेल तर उत्तम, पत्र्याची डबी आणू नये. बाटलीवर पोत्याचा बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि नमुना काढल्याची तारीख लिहावी, बूच घट्ट लावावं आणि उन्हात न ठेवता त्याच दिवशी आणावी. निकाल संध्याकाळपर्यंत हातात मिळेल.

आपला नम्र,
रसायनशास्त्राचा एक शिक्षक
दुधनाकाठ, जि. परभणी